रात्री फिश टँकचा दिवा चालू ठेवावा का?



आमच्या घरी मासे पाळलेले आहेत हे एकदा कळलं की मंडळाच्या कार्यक्रमात, जेवणाच्या रांगेत, लोक आधी "बघायचे की खायचे?" असं विचारून हसून घेतात आणि मग हळूच मुद्द्यावर येतात. "रात्री टँकचा दिवा चालू ठेवायचा की बंद करायचा?" डिसेंबर जवळ आला की हा प्रश्न जरा जास्तच ऐकू येतो. निम्मं मंडळ तीन-चार आठवड्यांसाठी भारतात निघालेलं असतं, आणि मागे मुक्या जिवांना काळोखात कोंडून जायचं म्हणजे मनाला लागतं. म्हणून यंदा सगळ्यांसाठी एकदाच लिहून काढायचं ठरवलं.

उत्तर आधीच देऊन टाकतो. घरात पाळल्या जाणाऱ्या माशांना रात्री दिवा लागत नाही. त्यांना अंधार लागतो, आणि तो रोज लागतो. दिवसा आठ ते दहा तास उजेड मिळाला की भरपूर झालं. रात्री त्यांना गरज असते ती उबेची आणि ऑक्सिजनची, म्हणजे हीटर, फिल्टर आणि एअर पंपाची. पुष्कळ घरांत नेमकं उलटं चालतं. पंप घरघरतो, झोप लागत नाही म्हणून पंप बंद करतात आणि माशांना सोबत म्हणून दिवा चालू ठेवतात!

हा गैरसमज येतो कुठून? आमचा अंदाज असा की आपल्यापैकी बऱ्याच जणांनी लहानपणी मासे प्रथम पाहिले ते मरीन ड्राइव्हवरच्या तारापोरवाला मत्स्यालयात. हे मत्स्यालय १९५१ साली सुरू झालं. आपण काळोख्या दालनात उभे आणि काचेपलीकडे मासे झगमगत्या उजेडात, हे चित्र डोक्यात पक्कं बसलं. पण तो उजेड आपल्याला मासे दिसावेत म्हणून होता. घरच्या टँकचा दिवाही मुख्यतः आपल्यासाठी आणि पाणवनस्पती असतील तर त्यांच्यासाठी असतो. दुसरं कारण म्हणजे आपल्याकडे तिन्हीसांजेला दिवा लावायची रीत. घरात काहीतरी तेवत असावं असं वाटतं. ते योग्यच आहे, पण त्यासाठी देवापुढची समई आहे. ती कुणाच्या डोक्यावर एक फुटावर टांगलेली नसते.

आता मासे झोपतात का, हा पुढचा प्रश्न. मुलं तर हाच प्रश्न पहिल्यांदा विचारतात, कारण माशाचे डोळे कधी मिटलेले दिसत नाहीत. मिटणार कसे? आपण पाळतो त्या माशांना पापण्याच नसतात. म्हणूनच दिवा त्यांना जास्त त्रासाचा. आपण निदान पांघरूण डोक्यावर ओढून घेऊ शकतो. मासा काय करणार? फार तर एखाद्या पानाखाली किंवा दगडाच्या कपारीत शिरेल, आणि तीही सोय सगळ्या टँकमध्ये नसते.

मासे झोपतात याबद्दल आता शंका उरलेली नाही, आणि त्यात एका भारतीय माशाचा मोठा वाटा आहे. अंगावर निळे-पांढरे पट्टे असलेला झेब्रा डॅनिओ तुम्ही इथल्या दुकानात पाहिला असेल. हा मूळचा आपल्या उपखंडातला. फ्रान्सिस हॅमिल्टन या स्कॉटिश डॉक्टरने गंगेच्या खोऱ्यातल्या माशांवर १८२२ साली जे पुस्तक प्रसिद्ध केलं, त्यात याची प्रथम शास्त्रीय नोंद झाली. हाच मासा पुढे जगभरच्या प्रयोगशाळांत जाऊन बसला. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी २००७ मध्ये दाखवून दिलं की हे मासे रीतसर झोपतात, झोपमोड केली तर अंधारात ती भरून काढायचा प्रयत्न करतात, आणि उजेड सतत चालू ठेवला की त्यांची झोप जवळजवळ उडून जाते. २०१९ मध्ये त्याच विद्यापीठातून आणखी एक अभ्यास आला. झेब्रा डॅनिओच्या पिल्लांच्या मेंदूत झोपेच्या वेळी जे चालतं, त्यात माणसाच्या गाढ झोपेशी आणि स्वप्नांच्या झोपेशी साम्य असलेल्या दोन अवस्था सापडल्या. स्वप्नं पडतात की नाही ते मासेच जाणोत, पण "माशाला कसली आलीय झोप" असं आता म्हणता येणार नाही.

यामागची यंत्रणा आपल्या ओळखीची आहे. अंधार पडला की शरीरात मेलाटोनिन नावाचं संप्रेरक तयार होतं आणि "रात्र झाली" हा निरोप सगळीकडे पोचतो. भारतातून परत आल्यावर जेटलॅगवर ज्याच्या गोळ्यांची चर्चा होते, तेच हे मेलाटोनिन. माणसात ते मेंदूतल्या पिनिअल ग्रंथीत तयार होतं, माशातही तिथेच. फरक इतका की आपल्या ग्रंथीला उजेडाची बातमी डोळ्यांमार्फत मिळते, तर माशाच्या डोक्याची वरची कवटी इतकी पातळ असते की उजेड थेट आत ग्रंथीपर्यंत झिरपतो. म्हणजे मासा दिव्याकडे पाठ करून बसला तरी सुटका नाही.

किती उजेडाने फरक पडतो? बर्लिनमधल्या संशोधकांनी पर्च या गोड्या पाण्यातल्या माशावर प्रयोग करून २०१५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. रात्री अवघा एक लक्स उजेड ठेवला तरी मेलाटोनिन घटत होतं. अंदाज यावा म्हणून सांगतो, पौर्णिमेचं चांदणं साधारण पाव लक्सच्या आसपास असतं आणि संध्याकाळी आपल्या बैठकीच्या खोलीत शंभर-दीडशे लक्स सहज असतो. खरं तेही सांगायला हवं: या माशांच्या शरीरात ताणाचं संप्रेरक वाढलेलं आढळलं नाही. म्हणजे एखाद्या रात्री चुकून दिवा राहिला तर मासे लगेच आजारी पडतील असं नाही. घाबरून जाऊ नका. प्रश्न आहे तो महिनोन्‌महिने रोज रात्री दिवा ठेवण्याचा.

आणि ज्यांच्या घरी 'निमो' आहे त्यांच्यासाठी हे खास. केशरी-पांढरा क्लाउनफिश २००३ च्या त्या सिनेमामुळे घराघरांत पोचला. ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात या माशांच्या काही जोड्यांना रात्रीही दिवा दिला. जोड्यांनी अंडी घातली, ती फळलीही, पण एकाही अंड्यातून पिल्लू बाहेर आलं नाही. दिवा काढला तेव्हा पुढची अंडी नेहमीसारखी उबली. समुद्रात ही पिल्लं सूर्यास्तानंतर, अंधाराच्या आडोशाने बाहेर पडतात. रात्रच झाली नाही तर ती बाहेर येणार कशी?

झोपलेला मासा कसा दिसतो हे मुलांना एकदा जरूर दाखवा. दिवा बंद करून तासाभराने लांबून मंद बॅटरी धरा, क्षणभरच. निऑन टेट्रा फिकट पडलेले दिसतील. त्यांच्या अंगावरचा निळा-लाल पट्टा रात्री विझल्यासारखा होतो आणि सकाळी पुन्हा पेटतो. नवीन माणूस पहाटे हे पाहून "मासे आजारी पडले" म्हणून आम्हाला फोन करतो, तोवर रंग परत आलेला असतो. फायटर मासा पानावर रेलून पडतो. क्लाउन लोच तर चक्क कुशीवर आडवा होतो, मेल्यासारखा. त्याला जाळीने उचलून बाहेर काढण्याआधी कल्ले हलतात का ते नीट पाहा!

सकाळी दिवा लावताना एक काळजी घ्यावी. काळोख्या खोलीत एकदम टँकचा दिवा लावला तर मासे दचकून काचेवर आपटतात, काही तर उडी मारतात. आधी पडदे उघडा किंवा खोलीतला दिवा लावा आणि दहा-पंधरा मिनिटांनी टँकचा. रात्री याच्या उलट क्रमाने.

इंग्लंडमधला उजेड, आपल्या माशांचा उजेड

आपल्या घरातले बहुतेक मासे विषुववृत्ताच्या जवळपासचे. निऑन टेट्रा ॲमेझॉनच्या खोऱ्यातला, फायटर थायलंडकडचा, गप्पी दक्षिण अमेरिकेच्या उत्तर टोकाचा आणि त्रिनिदादचा. (हाच गप्पी आपल्याकडे डासांच्या अळ्या खाण्यासाठी विहिरींत आणि टाक्यांत सोडतात, त्यामुळे गावाकडच्या मंडळींना तो माहीत असतो.) या भागांत वर्षभर साधारण बारा तास दिवस आणि बारा तास रात्र. अगदी मुंबईतही सर्वांत लहान दिवस अकरा तासांचा आणि सर्वांत मोठा तेरा तासांहून थोडा अधिक. लंडनमध्ये हेच आकडे पावणेआठ-आठ तास आणि साडेसोळा तास असे आहेत. एडिंबरोकडे तर याहून टोकाचे.

म्हणजे इथे दोन वेगळ्या अडचणी आहेत. हिवाळ्यात पावणेचारला अंधारून येतं आणि आपण कामावरून परततो सहाला, तेव्हा मासे बघायचे कधी? सोपं आहे. मासा घड्याळ बघत नाही, त्याला फक्त रोजचा नेम लागतो. आमच्या टँकचा दिवा दुपारी एकला लागतो आणि रात्री दहाला विझतो. संध्याकाळची जेवणं होईपर्यंत मासे जागे असतात आणि आमच्या आधी झोपतात. रोज वेळ बदलली तर मात्र त्यांचं बिनसतं, म्हणून बटण स्वतःच्या हाताने दाबण्याच्या भानगडीत पडू नका. भिंतीवरच्या सॉकेटमध्ये लावायचा साधा टायमर घ्या. चोवीस तासांच्या तबकडीवर बारीक खुंट्या असतात तो स्वस्तातला सुद्धा चालतो. फक्त वीज जाऊन आली की त्याची वेळ मागे पडते, ती तपासा.

उन्हाळ्यातली अडचण कुणाच्या लक्षात येत नाही. जूनमध्ये सूर्य पावणेपाचला उगवतो आणि सव्वानऊनंतर मावळतो. टँक खिडकीजवळ असेल तर तुम्ही टायमर कितीही नीट लावा, माशांना सोळा-सतरा तास उजेड मिळतोच. मग पाणी हिरवं होतं, काचेवर शेवाळ चढतं आणि आपण म्हणतो, "मागच्या महिन्यात तर साफ केला होता." त्या दिवसांत जाड पडदे किंवा टँकच्या मागच्या बाजूला काळा कागद हाच उपाय. टँक नव्याने मांडणार असाल तर खिडकीपासून लांबच मांडा.

रात्री खरंच काय लागतं

पाणवनस्पती दिवसा उजेडात ऑक्सिजन सोडतात हे आपण शाळेत शिकलो. पण श्वास त्या चोवीस तास घेतात. दिवा बंद झाला की ऑक्सिजन तयार होणं थांबतं आणि मासे, वनस्पती, फिल्टरमधले जिवाणू असे सगळे मिळून असलेला ऑक्सिजन वापरत राहतात. त्यामुळे पहाटे, दिवा लागण्याच्या आधी, पाण्यातला ऑक्सिजन सर्वांत कमी असतो. त्यात पाणी जितकं गरम तितका त्यात ऑक्सिजन कमी मावतो. १५ अंश सेल्सिअसला लिटरभर पाण्यात सुमारे १० मिलिग्रॅम मावतो, २५ अंशांना सव्वाआठच्या आसपास. म्हणून सकाळी मासे पाण्याच्या पृष्ठभागाशी तोंड उघडझाप करताना दिसले तर त्यांना भूक लागली असं समजून आणखी खाणं टाकू नका. ते हवेसाठी वर आलेले असू शकतात. दिवा रात्रभर लावून हा प्रश्न सोडवू म्हणाल तर शेवाळ वाढेल आणि माशांची झोप जाईल. पाणी हलतं ठेवणं, गर्दी कमी करणं आणि खाणं बेताचं ठेवणं हेच खरं.

फिल्टर रात्री बंद करणं त्याहून वाईट. माशांच्या विष्ठेतून आणि कल्ल्यांतून अमोनिया सुटतो. तो विषारी. फिल्टरच्या स्पंजवर वाढलेले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग त्यामानाने निरुपद्रवी नायट्रेट करतात. या जिवाणूंना वाहतं, ऑक्सिजन असलेलं पाणी लागतं. रोज रात्री सात-आठ तास प्रवाह थांबला तर ते मरू लागतात, आणि काही आठवड्यांनी मासे एकेक करून जातात. कारण मात्र कळत नाही, कारण दिवसा सगळं ठीक दिसतं. पंपाचा आवाज होत असेल तर त्याखाली जाड स्पंजचा तुकडा ठेवा, पंप भिंतीला टेकू देऊ नका. आवाज निम्म्यावर येतो. नळीत एक नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह घाला, म्हणजे वीज गेली तर पाणी उलटं पंपात येणार नाही.

हीटरचं वेगळं सांगायला नको, तरी सांगतो. सेंट्रल हीटिंग रात्री बंद असतं, घर पहाटेपर्यंत १४-१५ अंशांवर येतं. उष्ण प्रदेशातल्या माशांना २४ ते २६ अंश हवेत. गोल्डफिश थंड पाण्यातला, त्याला हीटर नको, पण रात्रीचा अंधार त्यालाही हवा.

मुलांच्या खोलीतला टँक

हे जरा नाजूक आहे. बऱ्याच घरी टँक मुलांच्या खोलीत असतो आणि त्याचाच निळसर उजेड नाइट लॅम्प म्हणून वापरतात. एका आईने आम्हाला सांगितलं की तिची पाच वर्षांची मुलगी टँकचा दिवा बंद केला की रडते. मुलीची भीती खोटी नाही आणि माशांची अडचणही खोटी नाही. अशा वेळी दाराजवळ, जमिनीलगत, एखादा मंद पिवळसर दिवा लावा आणि टँकवर खोलीच्या बाजूने पातळ कापड सोडा. वर हवेला जागा ठेवून. "मासे झोपले, आता आपणही" असं म्हणत कापड सोडायचं काम मुलीलाच दिलं. आठवडाभरात त्या घरात दिवा बंद करायची आठवण मुलगीच करून देऊ लागली. शिवाय झोपायच्या वेळी प्रखर निळसर उजेड डोळ्यांवर असणं मुलांच्या झोपेलाही बरं नाही. मेलाटोनिनचा हिशोब दोघांचा सारखाच.

'मूनलाइट' नावाने जे निळे एलईडी मिळतात ते तास-दोन तास मासे बघायला छान. पण रात्रभर नकोत. नावात चंद्र असला तरी उजेड चांदण्याहून पुष्कळ जास्त असतो, आणि खरा चंद्रही रोज पौर्णिमेचा नसतो.

इंग्लंड आणि वेल्समध्ये २००६ चा प्राणी कल्याण कायदा माशांनाही लागू आहे. सोळा वर्षांखालच्या मुलाला मासा विकता येत नाही आणि मुलाने पाळलेल्या माशाची जबाबदारी कायद्याने आई-वडिलांवर येते. वाढदिवसाला टँक भेट देणाऱ्या काका-मामांनीही हे लक्षात ठेवावं.

भारतात जाताना

दिवा टायमरवर टाका आणि वेळ सहा तासांवर आणा. टायमरवर फक्त दिवा. हीटर आणि फिल्टर त्याच एक्स्टेन्शनच्या टायमरमधून गेले तर दिव्याबरोबर तेही बंद पडतील. ही गफलत आम्ही दोन घरांत पाहिली आहे. घराचं हीटिंग पूर्ण बंद करू नका, नाहीतर हीटरवर फार ताण येतो. शेजारी खाणं घालणार असतील तर रोजच्या चिमटीएवढ्या पुड्या बांधून, वार लिहून ठेवा आणि डबा लपवून जा. मायेपोटी जास्त घातलेल्या खाण्याने जितके मासे मरतात तितके उपाशी राहून मरत नाहीत. मोठे, धडधाकट मासे काही दिवस खाण्याविना सहज राहतात. दिवा चोवीस तास चालू ठेवून तीन आठवडे गेलेल्या टँकचं पाणी वाटाण्याच्या सूपासारखं होतं, काचेतून मासे आहेत की नाहीत तेही कळत नाही. विजेचंही बघा: २० वॉटचा दिवा रोज चौदा तास विनाकारण जळला तर वर्षाला शंभरेक युनिट जातात.

काही अपवाद आहेत. डिस्कससारख्या माशांची नुकती पोहू लागलेली पिल्लं आई-बापांना चिकटून राहावीत म्हणून पैदास करणारे लोक पहिले काही दिवस अगदी मंद उजेड ठेवतात. मेक्सिकोच्या गुहांतला आंधळा टेट्रा मिळतो, त्याला डोळेच नाहीत आणि तो झोपतोही फार थोडा. पण अपवाद म्हणून त्याला दिवा नको, त्याला तर दिवसाही नसला तरी चालतो. सकर आणि कुहली लोच हे रात्री बाहेर पडणारे. दिवसरात्र दिवा ठेवला तर ते बिचारे लपूनच बसतात आणि उपाशी राहतात. त्यांचं बुडणारं खाणं दिवा विझल्यावर टाकावं. आणि नवीन मासा घरी आणला की पहिला दिवस दिवा लावूच नका, मुलांनी कितीही हट्ट केला तरी.

आमच्याकडे दोन जादा टायमर पडून आहेत. ज्यांना डिसेंबरच्या प्रवासाआधी हवे असतील त्यांनी दिवाळीच्या कार्यक्रमात आम्हाला गाठावं. जेवणाच्या रांगेतच असू.